टायफॉईडची शंका आहे? मग गोळ्या सुरू करण्याआधी ब्लड कल्चर का करावे

बिलोली परिसरात पावसाळ्यात चार-पाच दिवस ताप उतरला नाही, की घरात पहिली शंका टायफॉईडची येते. मग विडाल चाचणी होते, ‘पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडतो आणि अँटिबायोटिक सुरू होते. कधी तर चाचणीच्या आधीच मेडिकलवरून गोळ्या आणलेल्या असतात. यात एक महत्त्वाची तपासणी राहून जाते: ब्लड कल्चर.

विडाल पुरेशी का नाही?

टायफॉईड साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो. पॅराटायफी या त्याच्या भाऊबंदामुळेही तसाच ताप येतो. विडाल चाचणी जिवाणू शोधत नाही, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. ही प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गामुळेही रक्तात असू शकतात. त्यामुळे एकट्या विडालवरून निदान पक्के होत नाही.

कल्चरमध्ये रक्तातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवतात आणि कोणते औषध त्याला मारते तेही तपासतात. रिपोर्टला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. मात्र कल्चर निगेटिव्ह आले म्हणून टायफॉईड नाहीच, असे म्हणता येत नाही. आधी अँटिबायोटिक घेतले असेल तर जिवाणू सापडण्याची शक्यता आणखी कमी होते.

तुमच्या रिपोर्टचा देशाला काय उपयोग?

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात 2004 पासून सुरू आहे. त्यात तीन प्रकारची माहिती जमा होते: आरोग्य कर्मचाऱ्याला वाटलेली शंका, डॉक्टरांनी केलेले संभाव्य निदान आणि प्रयोगशाळेने पक्के केलेले निदान. रुग्ण नेमके कुठे वाढत आहेत हे सर्वात खात्रीने सांगते ती तिसरी नोंद. एकाच गावातून असे रुग्ण येऊ लागले, तर पाण्याची टाकी आणि पाइपलाइन तपासायला ठोस कारण मिळते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे (आयसीएमआर) प्रयोगशाळांचे जाळे 2013 पासून औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर लक्ष ठेवते. त्यातून कळले, की टायफीच्या बहुतेक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता नीट चालत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन अजून बहुतांशी उपयोगी आहेत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेलच असे नाही.

लसीबाबतचे निर्णयही अशाच मोजणीवर अवलंबून असतात. चार ठिकाणच्या सुमारे 24,000 मुलांवर देशात पाहणी झाली. त्यात शहरी भागांत दर लाख मुलांमागे वर्षाला 576 ते 1,173 पक्के रुग्ण आढळले, तर पुण्याजवळच्या ग्रामीण भागात 35. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांसाठी टायफॉईड लसीकरण मोहीम सुरू केली, तेव्हा तिचा परिणामही कल्चरवरूनच मोजला गेला.

तुम्ही काय कराल?

- ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना दाखवा आणि ‘कल्चर करायचे का?’ असे विचारा.
- आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. काही लपवू नका.
- तालुक्याला सोय नसेल तर नमुना नांदेडला पाठवता येईल का, ते विचारा. कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका.
- नांदेडऐवजी बोधन किंवा निजामाबादला उपचार घेतले, तर रिपोर्टची प्रत जपून ठेवा आणि गावच्या आशाताईंना कळवा.
- ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पूर्ण करा. पाणी उकळून प्या.

पोटात तीव्र दुखणे, शौचातून रक्त, सतत उलट्या, बरळणे किंवा खूप गुंगी असेल तर लगेच रुग्णालयात जा. अशा वेळी डॉक्टर आधी रक्त घेतात आणि रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात. कल्चरसाठी उपचार थांबवायचे नसतात. फक्त पहिल्या डोसच्या आधी रक्त द्यायचे असते.