घटविलेल्या वजनाचे माप : चतकोर व नितकोर

घटविलेले वजन टिकविण्यासाठी किती खावे, हे तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाच्या ताटावरून ठरविता येत नाही. लायबेल, रोझेनबाउम व हर्श यांनी न्यूयॉर्क येथे केलेल्या व 1995 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की वजन 10 टक्के उतरले असता ऊर्जाव्यय, शरीर लहान झाल्यामुळे जेवढा घटावा, त्याहूनही अधिक घटतो. म्हणून कोष्टकातील आकडा आरंभापुरताच घ्यावा. खरे माप ज्याचे त्याने शोधावयाचे असते.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ज्वारीच्या मुलखात या मापाला शब्द तयारच आहेत. पाव भाकरी ती चतकोर; तिच्या निम्मी ती नितकोर. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीचे सुमारे 200 उष्मांक धरले, तर चतकोर भाकरीचे 50 व नितकोर भाकरीचे 25 होतात. (तराजूपेक्षा हे मोजणे ताटावर सोपे जाते.) दोन-तीन आठवडे आहार तोच ठेवून रोज सकाळी वजन नोंदवावे आणि साप्ताहिक सरासऱ्या ताडून पाहाव्यात, एका दिवसाच्या चढउतारात बहुधा पाण्याचाच भाग मोठा असतो. सरासरी उतरत राहिल्यास रोजची चतकोर भाकरी वाढवावी, चढू लागल्यास तेवढीच काढावी, आणि पुन्हा तितकेच आठवडे थांबावे. मात्र चटणीवर घेतलेले तेल हिशेबातून सुटू नये. तेलाच्या एका ग्रॅमला 9 उष्मांक पडतात. चहाच्या चमचाभर तेलातच जवळजवळ चतकोर भाकरी खर्ची पडते.