पहिली सर टाकीत नको

आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून आता अनेकजणी पागोळ्यांचे पाणी टाकीत घेतात. पण मग ऐकू येते, ‘पाण्याला वास येतो गो, तळाला गाळ बसलाय.’

दोष बहुतेक वेळा टाकीचा नसतो. आठ महिने छपरावर लाल धूळ साचते, आंब्याचा पातेरा पडतो, कावळ्यांची आणि वानरांची घाण असते, उंदीर फिरतात. मृगाची पहिली सर हे सगळे पन्हळीत आणते. कौले लख्ख आणि टाकी घाण! त्या विष्ठेतल्या जंतूंनीच पोरांना जुलाब होतात.

तर ही पहिली सर बाहेर काढायची. किती पाणी, त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. उतार मोजू नका, छपराखालची जमीन मोजा. घर १० मीटर लांब, ५ मीटर रुंद असेल तर पहिल्या मिलिमीटरचे ५० लिटर. निदान एवढे तरी सोडायचेच. झाडाखालचे घर असेल तर दुप्पट.

पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपला टी बसवतात. टीच्या आडव्या तोंडातून पाणी टाकीकडे जाते, खालच्या तोंडाला बंद टोकाचा जाड पाइप जोडतात. पहिले पाणी आधी त्यात भरते. त्यात एक हलका प्लास्टिकचा चेंडू असतो. पाणी चढले की तो तरंगत वर येतो आणि टीखालचे अरुंद तोंड बंद करतो. पुढचे पाणी मग टाकीकडे वळते. प्लंबरला ‘फर्स्ट फ्लश’ म्हटले की कळते. पण तो चार इंची पाइपचा हातभर तुकडा लावून मोकळा होईल, तो घेऊ नका. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम ८ लिटर मावतात. सहा इंची ३ मीटर घेतला तर ५० लिटरचे काम होते. उंची पुरत नसेल तर वळवून भिंतीच्या पायथ्याशी, नळाकडे उतार देऊन ठेवा.

खालच्या टोकाला फिरकीचे झाकण आणि छोटा नळ हवाच. नळ थेंब-थेंब सुटा ठेवला की पाइप आपोआप रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार राहतो. नाहीतर आत डास होतात, आणि चार दिवसांच्या उघडिपीनंतरची घाण सरळ टाकीत जाते. झाकण उघडून गाळ काढायचे काम मात्र आपलेच.

काही बायकांना पाणी सोडून द्यायला जिवावर येते. मी म्हणते, आपल्याकडे कसली कंजुषी? त्याच ५० चौरस मीटर छपरावर वर्षाला दीड लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला दिवसाला ५० लिटर धरले, तर १ मार्चपासून मृगापर्यंतच्या शंभर दिवसांना ५००० लिटर पुरतात. जूनभर छपराला धुऊ द्या, टाकी जुलैपासून भरा.

टाकीत उजेड जाऊ देऊ नका, सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. एवढे करूनही पिण्याचे पाणी उकळा, किंवा मेडिक्लोर असेल तर बाटलीवर लिहिलेय तेवढेच थेंब घाला. आणि छपराला नवा रंग दिला असेल, तर पहिले काही पाऊस ते पाणी माडाच्या आळ्यात सोडा.