मुका ‘प’

अकोल्यात कुणी आजारी पडलं की लोक म्हणतात, ‘सर्वोपचारला घेऊन चला,’ म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात. ‘सर्वोपचार’ हा शब्द जरा हळू म्हणा बरं. सर्-वो-प-चार. पण यात ‘उपचार’ कुठे गेला? संधी सोडवली की सापडतो: सर्व + उपचार. अर्थाचा सांधा ‘वो’च्या पोटात, आणि जीभ तोडते भलतीकडेच!

डॉक्टरांच्या शब्दांतही हीच गंमत. त्यांतले कितीतरी जुन्या ग्रीक भाषेतून आलेत. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात डॉक्टर ‘न्यूमोनिया’ म्हणतात, पण स्पेलिंग बघाल तर सुरुवातीलाच ‘पी’! ग्रीक लोक तो ‘प’ खरंच म्हणायचे. त्यांचा शब्द ‘प्नेउमोन’, म्हणजे फुप्फुस. इंग्रजांच्या जिभेला सुरुवातीचा ‘प्न’ जड गेला. लिहायला ठेवला, बोलताना गिळला. हसू नका हं, आपणही वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ करतोच की! फ्रेंच आणि जर्मन माणसं मात्र अजून तो ‘प’ म्हणतात.

तुम्हाला जमेल? ‘स्वप्न’ म्हणता ना, मग जमेल. म्हणताना ते स्वप्-न असं फुटतं. ‘प’ आधीच्या अक्षराला चिकटतो, ‘न’ पुढे सरकतो. शब्दाच्या सुरुवातीला बिचाऱ्या ‘प’ला टेकायला कुणीच नसतं.

आता ही जादू बघा. झोपेत श्वास मधेमधे थांबतो, त्या आजाराला डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. ग्रीक ‘अ’ म्हणजे नाही (आपल्या ‘अशक्य’मधला ‘अ’ त्याचाच भाऊबंद), आणि ‘प्नोए’ म्हणजे श्वास. अर्थाने तोडा: अ + प्निया. जिभेने तोडा: ॲप्-नि-या. टेकायला ‘ॲ’ मिळाला आणि मुका ‘प’ बोलू लागला!

दवाखान्याबाहेरही तेच. हेलिकॉप्टर म्हणजे ‘हेली’ अधिक ‘कॉप्टर’ नव्हे बरं का! ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखा पीळ, आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. हाच पंख डायनासोरांच्या काळात उडणाऱ्या एका प्राण्याच्या नावात अगदी पहिला आला, अन् त्याचा ‘प’ गप्प झाला: टेरोडॅक्टिल.

‘सायकॉलॉजी’च्या स्पेलिंगमध्येही असाच एक ‘प’ दडून बसलाय. तो मोठ्याने म्हणून बघा: प्सायकॉलॉजी. अडलं, तर आधी ‘अप्सरा’ म्हणा आणि पुढच्या वेळी तिचा ‘अ’ मनातल्या मनात ठेवा.