केसपेपरवरील ‘आकृती’ आणि स्थौल्याची नोंद

धारणीच्या परिसरात वजनकाटा हे बालकांचे उपकरण समजले जाते. १९९३ पासून मेळघाटातील बालमृत्यू व कुपोषण यांची चर्चा राज्यभर होत आली. त्यामुळे अंगणवाडीत बालकाचे वजन घेण्याची शिस्त रुजली, दंडघेराची फीत गावोगाव पोहोचली. परंतु त्या बालकाला घेऊन चिकित्सालयात आलेले आजोबा, किंवा बाजारपेठेतील चाळिशी उलटलेले दुकानदार, काट्यावर क्वचितच उभे राहतात. आपण वैद्य मंडळीही त्यांना उभे करीत नाही, हे आम्ही स्वतःच्या केसपेपरवरून कबूल करतो.

अष्टविध परीक्षेतील शेवटचा रकाना ‘आकृती’. त्यात आपण ‘कृश’, ‘मध्यम’ किंवा ‘स्थूल’ असा एक शब्द लिहून पुढे जातो. या एका शब्दाने आम्हांस कसे फसविले ते सांगतो.

एक किराणा दुकानदार, वय ४८, उंची १६५ सें.मी., स्थौल्य व संधिशूल यांसाठी आमच्याकडे येत असत. नवक गुग्गुळ व पथ्य सुरू होते. तीन महिन्यांनी ते आनंदाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पँट ढिल्ली झाली.” आम्हीही आनंदाने ‘उपशय’ लिहिले. पुढे खोकला हटेना म्हणून थुंकीची व रक्ताची तपासणी करविली, तेव्हा क्षय व मधुमेह दोन्ही निघाले. त्या दिवशी वजन भरले ७१ किलो. पूर्वीचे वजन आमच्या कागदावर नव्हतेच. ते सापडले विम्याच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर, दहा महिन्यांपूर्वीचे, ८६ किलो. पंधरा किलो वजन उतरूनही हा मनुष्य डोळ्यांना स्थूलच दिसत होता, म्हणून ‘आकृती : स्थूल’ ही नोंद दोन्ही वेळा खरी ठरली आणि निरुपयोगीही ठरली. पथ्य किती पाळले, भूक कशी आहे, हे आम्ही तेव्हा विचारले असते तर औषधाचे श्रेय घेण्याची घाई झाली नसती.

मोजमाप हे काही परकीय शास्त्राचे उसने नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णाची दशविध परीक्षा सांगितली, तीत संहनन व प्रमाण ही दोन स्वतंत्र अंगे आहेत आणि प्रमाण अंगुलांनी मोजावयाचे आहे. आज अंगुलाऐवजी सेंटिमीटर व किलो वापरावे, एवढाच फरक.

वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, हा बी.एम.आय. सर्वांस परिचित आहे. मात्र पाश्चात्त्य तक्त्यातील २५ व ३० या मर्यादा आपल्या रुग्णांस लावू नयेत. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून स्थौल्य मानावे. कंबरघेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.च्या आत असावा. म्हणजे १५० सें.मी. उंचीच्या स्त्रीचे वजन ५६ किलोच्या वर गेले की ती स्थौल्याच्या कक्षेत येते. आपल्या नजरेला ती ‘मध्यम’ वाटते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे कारण उकलून दाखविले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बी.एम.आय. २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही कमी वजन असून चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असे त्यांच्या गटास आढळले. ज्या मेळघाटात कमी वजनाची बालके जन्मतात, तेथील प्रौढांची कंबर मोजणे म्हणूनच अधिक अगत्याचे. खालची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, फीत न आवळता मोजावे. शिंप्याची जुनी फीत ताणली जाते, ती नको. काट्याची खात्री शेजारच्या अडत्याकडील २० किलोचे वजन ठेवून महिन्यातून एकदा करावी.

केवळ नोंद करून भागत नाही, हेही खरे. ब्रिटनमध्ये २००६ पासून कुटुंबवैद्यांना स्थूल रुग्णांची नोंदवही ठेवल्याबद्दल गुण व मोबदला मिळू लागला. पुढे उपचार काय केला, हे त्या गुणांत विचारलेलेच नव्हते.

उपचाराचे मर्म सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. मेदाने मार्ग अडले की वायू कोष्ठात राहून अग्नी चेतवितो. म्हणून स्थूलाची भूक हे लक्षण आहे, हावरेपणा नव्हे. “कमी खा” एवढे सांगून पाठविलेला रुग्ण परत येत नाही, त्याचे कारण हेच. गुरू पण अपतर्पण करणारा आहार द्यावा. आचार्यांच्या यादीतील ज्वारी, कोद्रव, श्यामाक, मूग, कुळीथ यांपैकी कोदो व सावा आमच्या कोरकू बांधवांच्या शेतातच होत आले आहेत. रेशनच्या तांदळाने त्यांची जागा घेतली आहे, ती थोडी परत मिळवून द्यावी. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के घट हे पहिले उद्दिष्ट पुरे. ८० किलोच्या रुग्णास ४ किलो.

आपल्या भागात कोणी लठ्ठ झाला की “तब्येत सुधारली” म्हणतात. तेव्हा चारचौघांत वजन मोठ्याने उच्चारू नये. स्त्रियांची कंबर मोजताना घरची बाई सोबत असावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यास लंघन दिल्यास रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरते. आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलावे. मेळघाटात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णास विरेचन, घाम काढणारा उपक्रम वा निर्जल उपवास देऊ नये, शरीरातील पाणी घटले की वेदनांचा झटका येतो.

औषधालयाच्या मालकांसही एक विनंती. ‘चरबी वितळविणारे’ निनावी चूर्ण दुकानात ठेवू नये. सिब्युट्रामिनवर २०११ मध्ये भारतात बंदी आली, तरी वजन घटविणाऱ्या ‘वनौषधी’ मालात ते मिसळलेले अनेक देशांत पकडले गेले आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्यही आहे, हे फलक रंगविताना ध्यानी असावे. गुग्गुळाची बाटली देताना ग्राहकास काट्यावर उभे करून बिलाच्या मागे तारीख, वजन व कंबरघेर लिहून द्यावे, आणि पुढच्या खेपेस तेच बिल आणावयास सांगावे.