थर उतरतात तेव्हा

10 ऑगस्ट 2012, गोपाळकाला. ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले. मनोरा 13.34 मीटर भरला आणि गिनेस बुकातला 1981 पासूनचा स्पेनचा विक्रम मोडला. नोंद झाली ती उंचीची.

दहीहंडी हा खेळ आहे का, याचा निकाल आपण बहुतेक वेळा कोर्टावर आणि मंत्रालयावर सोडला. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. पुढच्याच वर्षी सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटले. 2017 मध्ये उंचीची अट गेली, वयाची मर्यादा 14 झाली. 2022 मध्ये विधानसभेत पुन्हा खेळाच्या दर्जाची घोषणा झाली, सरकारी नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणासह. गोविंदांना हा मान मिळायलाच हवा होता. पण डाव कुठे संपतो, हे दर्जा देऊन ठरत नाही.

कबड्डीचे पाहा. चढाईला गेलेल्या गड्याने समोरच्याला शिवले, एवढ्याने गुण मिळत नाही. मधली रेषा गाठून परत यावे लागते. तिकडेच पकडला गेला तर तोच बाद. जाणे आणि परतणे मिळून एक चढाई. हुतूतूचा खेळ झाला तो अशा नियमांनी, असे मला वाटते.

स्पेनच्या कातालोनियात माणसांचे मनोरे रचतात, त्यांना कास्तेल म्हणतात. 2010 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. टॅरागोनात दर दोन वर्षांनी त्यांची स्पर्धा भरते. पहिली 1932 सालची. शेंड्यावरच्या मुलाने हात उंचावला की मनोरा चढला, एवढेच मानतात. सगळे थर नीट खाली उतरले तरच तो पूर्ण. चढून कोसळलेल्या मनोऱ्यालाही गुण आहेत, पण कमी. एकाच मनोऱ्याची ही दोन मोजमापे मला फार मोलाची वाटतात, कारण उतरण्याची कला त्यामुळे स्पर्धेचा भाग होते. तिथेही किंमत मोजावी लागली आहे. 2006 मध्ये मातारो इथे मनोऱ्यावरून पडून एका मुलीचा जीव गेला, त्यानंतर वरच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे झाले.

आपल्याकडे बक्षीस थरांवर लागते. आठ थरांची सलामी दिली की रक्कम ठरलेली, नऊ लावले की आणखी मोठी. मग पथक तेवढ्यासाठीच जिवाचे रान करते. सगळ्यात वरचा गोविंदा, म्हणजे एक्का, हंडीपाशी पोहोचला की खाली जल्लोष सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तळाच्या गड्यांचे खांदे भरून आलेले असतात. गोविंदांचे शौर्य कमी नाही. आयोजकांनी बक्षिसाचा अर्धा वाटा उतरण्यावर ठेवला, तर पथकेच थर बेताने लावतील.

सराव पाहिला तर दिसते, उतरण्याचे मोल पथकांना कळते. गुरुपौर्णिमेपासून रात्री मैदानात थर लागतात. एक्का हात वर करून सलामी देतो, पण प्रशिक्षकाची नजर खालीच असते. एकेक थर सुटतो, पाय पाठीवर, मग मांडीवर, मग जमिनीवर. शेवटचा गडी मोकळा झाला की मगच प्रशिक्षक पुढच्या चढाईसाठी मुलांना बोलावतो.