विसावा एकट्याचा नसतो

विश्रांती म्हणजे कामाची बक्षिसी, असं आपण धरून चालतो. आधी राबा, मग बसा. फार तर ती सोमवारच्या कामाची पूर्वतयारी. बायबलमधला क्रम याच्या उलट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस सहाव्या दिवशी घडतो आणि सातवा दिवस विसाव्याचा. म्हणजे त्याच्या वाट्याचा पहिला अख्खा दिवसच विसाव्याचा, काहीही कमावलेलं नसताना. दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात आणि शब्बाथाचं, म्हणजे या विसाव्याच्या दिवसाचं, कारण दोन्हीकडे निराळं आहे. निर्गमच्या पुस्तकात ते सृष्टीच्या निर्मितीचं, तर अनुवादच्या पुस्तकात मिसरातल्या गुलामगिरीचं. तुम्हीही दास होता, म्हणून तुमचे दासदासी, बैल, गाढव आणि गावात राहणारा परका, सगळ्यांना थांबू द्या, असं तिथे बजावलं आहे. मला या यादीतच विषयाचा गाभा दिसतो. घरच्यांच्या सुट्टीपायी स्वयंपाकघरात कोणाला दुप्पट राबावं लागत असेल, तर तो शब्बाथ नव्हे.

यावर आक्षेप असा, की शब्बाथाच्या जागी आलेला ख्रिस्ती रविवार पुढे स्वतःच जाच झाला. ते खरं आहे. इंग्लंडमध्ये राजा पहिला जेम्स यानं १६१८ मध्ये जाहीरनामा काढून रविवारी उपासनेनंतर नाच, तिरंदाजी अशा खेळांना मोकळीक दिली, तेव्हा कडक रविवार पाळणारे प्युरिटन खवळले आणि १६४३ मध्ये पार्लमेंटनं तो जाहीरनामा जाळायला लावला. पण येशूचा कल कुठे होता? शब्बाथाच्या दिवशी त्यानं वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. जेवायलाही सवड न मिळणाऱ्या शिष्यांना तो एकांतात विसाव्याला घेऊन निघाला आणि गर्दी पाठोपाठ आली, तेव्हा तिलाही त्यानं हाकललं नाही. हाच कल पुढे एका कडक रविवार पाळणाऱ्यातही दिसला. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूनं १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून ती शर्यत सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुढे चीनमध्ये मिशनरी असताना तो जपान्यांच्या वैशिएन छावणीत कैद झाला. तिथेही रविवारी खेळ नाही, हाच त्याचा नियम. पण पंचाविना हॉकी खेळताना मुलं हमरीतुमरीवर आली, तेव्हा पुढच्या रविवारी तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला. माझ्या मते त्यानं शब्बाथ मोडला नाही, पाळलाच.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: ज्याचं हातावर पोट, त्यानं थांबायचं कसं? मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना वाळवंटात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, सहाव्या दिवशी दुप्पट मिळत असे. विसाव्याच्या आज्ञेबरोबर त्या दिवसाच्या भाकरीचीही सोय होती. एकट्या मजुराला ती करता येत नाही. मुंबईत गोऱ्या साहेबाचा रविवार चर्चमध्ये जात होता, तेव्हा गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्यानं १८८४ पासून मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. अनुवादमधली ती यादी तेव्हा चर्चबाहेरच्या माणसानं पुढे नेली, हे ख्रिस्ती माणसानं मोकळ्या मनानं मान्य करावं. आणि रविवारी उपासनेला निघण्याआधी घरच्या मोलकरणीला आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे का, रात्रपाळी करून आलेल्या वॉचमनला झोपायला दिवस मिळतो का, याचीही चौकशी करावी.