विंडोजमधला पीआयडी: क्रमांक तोच, प्रोसेस दुसरीच

विंडोजच्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’ हा टॅब पाहा. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेससमोर ‘पीआयडी’ म्हणजे तिचा ओळखक्रमांक दिसतो. त्यातला कोणताही आकडा घ्या, त्याला ४ ने पूर्ण भाग जातो. ‘सिस्टम’ या प्रोसेसचा क्रमांक तर ४ हाच असतो.

एकच ब्राउझर उघडला तरी एकाच नावाच्या अनेक प्रोसेस सुरू होतात. त्यामुळे नावावरून नेमकी हवी ती सापडत नाही आणि क्रमांकाची गरज पडते. हे क्रमांक वाटण्यासाठी विंडोजचा कर्नल (गाभा) हँडलच्या तक्त्याचीच यंत्रणा वापरतो. हँडल म्हणजे प्रोसेस किंवा फाइल हाताळण्यासाठी विंडोज प्रोग्रॅमला देते तो आकडा. हँडलच्या आकड्यातले शेवटचे २ बिट मोकळे ठेवलेले असतात, म्हणून पीआयडीही चारच्या पटीत येतात. अर्थात ही आतली सोय आहे. तिच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहू नये.

क्रमांक हाती असला की प्रोग्रॅमर ‘ओपनप्रोसेस’ हे फंक्शन वापरतो. त्याला क्रमांकासोबत हेतूही सांगावा लागतो: नुसती माहिती हवी, की प्रोसेस बंद करायची आहे? परवानगी असेल तर विंडोज त्या प्रोसेसचे हँडल देते.

खरा धोका पुढे आहे. प्रोसेस संपली आणि तिची सगळी हँडल बंद झाली, की तिचा क्रमांक मोकळा होतो आणि दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो. रेल्वेत एक प्रवासी उतरल्यावर त्याच्या बर्थवर दुसरा येतो, तसेच हे. जुना क्रमांक जपून ठेवून तासाभराने ‘ही प्रोसेस बंद कर’ असा हुकूम सोडला, तर भलतीच प्रोसेस बंद पडू शकते आणि कुणाचे तरी न साठवलेले काम जाऊ शकते.

यावर उपाय आहे. प्रोसेस आपणच सुरू केली असेल, तर तेव्हा मिळालेले हँडल सोडू नये. ते उघडे असेपर्यंत प्रोसेस संपली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला जात नाही. क्रमांक बाहेरून मिळाला असेल, तर आधी हँडल घ्यावे आणि मग ‘गेटप्रोसेसटाइम्स’ने प्रोसेस सुरू झाल्याची वेळ तपासावी. विंडोज ही वेळ १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या मापात मोजते. आधी नोंदवलेली वेळ आणि ही वेळ जुळली, तरच पुढचे पाऊल टाकावे.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. तपासणीच्या दोन-चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. पण दुसऱ्याच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमने एवढी काळजी घ्यायलाच हवी.